धाकूकाकांचे पाय

ऑगस्ट आला की माझं डोकं फिरतं. घरच्यांना याची आता सवय झाली आहे. सून सकाळी चहा पुढे ठेवताना माझ्या तोंडाकडे बघते, बाहेर लाऊडस्पीकर सुरू झालाय हे त्यावरूनच ओळखते आणि मुकाट्यानं खिडकी लावून घेते. खिडकी लावली तरी देशभक्तीची गाणी आत येतातच. मधूनच "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग", मग कुणातरी कार्यकर्त्याचं घसा खाकरणं, मग पुन्हा गाणी. देशासाठी जीव द्यायला निघालेल्या या मंडळींना नाक्यावरचा एक खड्डा आजवर बुजवता आलेला नाही.

तसा आमच्या मुलुंड पूर्वेचा ऑगस्ट दिसायला वाईट नसतो. कंपाउंडच्या भिंतीवर शेवाळ चढतं, फटीफटीतून तेरडा उगवतो. मिठागरांकडून वारा आला की हवेला खारट, किंचित कुजका वास येतो. बाजारात कर्टुली आणि टाकळा घेऊन बसणाऱ्या बायका असतात आणि त्यांच्याशी भाव करणाऱ्या त्यांच्याहून चिवट बायका असतात. दोरीवरचे कपडे चार-चार दिवस ओले राहतात, मग घरभर कुबट वास मारतात. मिठाईवाला जिलबीची कढई रस्त्यावर मांडतो आणि तेच तेल आठवडाभर उकळत ठेवतो. हे सगळं मला आवडायचं. एका ऑगस्टनं माझी ही आवड कायमची नासवली, आणि त्या गोष्टीला आता चाळीसेक वर्षं होत आली.

यंदा नाक्यावर फलक लागला. आमच्या नाक्याला म्हणे नाव मिळणार: 'क्रांतिवीर धाकोजीराव परब चौक'. पंधरा ऑगस्टला सकाळी अर्धपुतळ्याचं अनावरण. फलकावर हात जोडलेल्या पुढाऱ्यांचे डझनभर चेहरे, आणि खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा, ज्याचा चौक तो. त्याला कॉम्प्युटरवर फेटा बांधला होता आणि मिशांना पीळ दिला होता. मी छत्री धरून फलकासमोर उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "हा कोण मेला?" शेजारून जाणारा भाजीवाला दचकला.

धाकोजीराव! धाकू परब नाव होतं त्यांचं. घरातलं शेंडेफळ म्हणून धाकू. साऱ्या इमारतीचे धाकूकाका. जन्मात त्यांनी फेटा बांधला नाही. पाऊस आला तर डोक्यावर दुधाची रिकामी पिशवी अडकवायचे आणि तसेच दळण घेऊन यायचे. त्यांना कुणी 'राव' म्हटलं असतं तर त्यांनी मागे वळून पाहिलं असतं, हा कुणाला हाका मारतोय म्हणून.

त्याच संध्याकाळी दिलीप घरी आला. दिलीप आमच्याच इमारतीत वाढलेला. तेव्हा मंडळाचा चिटणीस होता, आता चौक समितीचा अध्यक्ष आहे. मधल्या काळात त्याचं पोट आणि त्याच्या गळ्यातली साखळी, दोन्ही वाढली.

"उषा, तू दोन शब्द बोल," सोफ्यावर बसत तो म्हणाला. "काकांना जवळून बघितलेली तूच उरलीस बघ आता. बाकी सगळे गेले नाहीतर डोंबिवलीला गेले."

"फेटा कुणी बांधला रे त्यांना?"

"ते डिझायनरनं केलं. पण काय झकास दिसतायत ना? आणि ऐक, पुतळा अर्धाच आहे, छातीपर्यंत. बजेट तेवढंच. मग लोक म्हणायला लागले, नुसतं डोकं ठेवलंत तर नमस्कार कुठे करायचा? मी म्हटलं, लोकांचंही बरोबर आहे. म्हणून खाली पादुका बसवल्यात. संगमरवरी. राजस्थानातून मागवल्या."

माझ्या हातातला कप बशीवर वाजला. "पादुका? धाकूकाकांच्या?"

"मग काय! लोकांना पाया पडायला काहीतरी पाहिजे ना."

मी विचार करून सांगते म्हणाले आणि त्याला घालवला. सुनेनं विचारलं, "आई, एवढं काय झालं? पुतळा तर बसवतायत." तिचा दोष नाही. तिनं धाकूकाकांचे पाय पाहिलेले नाहीत.

मी पाहिले आहेत. रुंद, तळव्याला भेगा पडलेले, अंगठे बाहेरच्या बाजूला फाकलेले, शेतातल्या चिखलात वाढलेल्या माणसाचे पाय. दोन्ही घोट्यांवर काळपट वण होते, बेड्यांचे. ऐन विशीत गावाकडे त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तारा तोडल्या, कचेरीवरचा साहेबाचा झेंडा उतरवला, पोलिसांना हुलकावण्या देत आंब्याच्या बागांमधून राहिले आणि शेवटी पकडले गेले. तुरुंगातून सुटल्यावर मुंबईत आले, गिरणीत लागले. माझे बाबा त्यांच्याच खात्यात होते. तिथली ओळख पुढे शेजारात आली. तळमजल्यावर एक खोली त्यांची, लगतच्या दोन आमच्या.

लग्न केलं नव्हतं. स्वयंपाक स्वतः करायचे आणि तो सगळ्या इमारतीला कळायचा, कारण श्रावण असो की चातुर्मास, त्यांच्या तव्यावर सुके बोंबील पडलेच पाहिजेत. वरच्या मजल्यावरच्या बायका दारं आपटायच्या. आम्ही बौद्ध, श्रावणाशी आमचं काही देणंघेणं नाही, तेव्हा त्यांच्या ताटलीतले दोन बोंबील हमखास आमच्याकडे यायचे. आई त्यांना भाकरी पाठवायची. पावसाची झड लागलेली, खिडकीच्या गजांवरून पाणी ठिबकतंय, गॅलरीत बाबा आणि काका एका स्टुलावर ताटली ठेवून जेवतायत. श्रावण म्हटलं की माझ्या नाकात अजून तोच वास येतो. उदबत्तीचा नाही.

त्या वर्षी मला टेलिफोन खात्यात ऑपरेटरची नोकरी लागली. आमच्या घरात सरकारी नोकरी लागलेली पहिली बाई मी. आईनं पेढे आणले आणि म्हणाली, "जा, आधी धाकूकाकांच्या पाया पड."

मी गेले. काका दारातच सुरीनं कर्टुली चिरत बसले होते. मी वाकले मात्र, विंचू दिसल्यासारखी त्यांनी उडी मारली. खरंच उडी मारली! साठी ओलांडलेला माणूस, कर्टुली इकडेतिकडे घरंगळली, आणि काका भिंतीला पाठ लावून उभे.

"उभी रव! उभी रव आधी!" ओरडलेच माझ्यावर. मी घाबरून ताठ झाले. मग त्यांचा आवाज खाली आला. "पाय उभे रवाक आसतत गो चेडवा. कोणी पडाक नाय."

मग त्यांनी पेढा घेतला, आणि मी टेलिफोनात लागले हे ऐकून इतके हसले की खोकला लागला. "मी तारा तोडलंय, आता तू जोड," म्हणाले.

इमारतीत सगळ्यांना हे ठाऊक होतं. परीक्षांचे निकाल लागले की पोरं घरोघर पाया पडत फिरायची, धाकूकाकांच्या दारात मात्र ताठ उभं राहायचं आणि हात पुढे करायचा. ते हात हातात घेऊन खांद्यातून निखळेल इतका हलवायचे. कुणी अनोळखी पाहुणा वाकलाच तर ते झटकन खाली बसायचे आणि मांडी घालून पाय लुंगीत दडवायचे. लोक हसायचे. म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा म्हणून सोडून द्यायचे.

विक्षिप्तपणा नव्हता तो. त्या पेढ्यांच्या संध्याकाळी गॅलरीत बसून त्यांनी आम्हाला सांगितलं. लहानपणी ते वडिलांबरोबर खोताच्या घरी गेले होते. खोत म्हणजे गावचा मालकच. जमीन त्याची, झाडं त्याची, माणसंही जवळजवळ त्याचीच. वडिलांनी खोताच्या पायावर डोकं ठेवलं. खोत कुणाशी तरी आंब्यांबद्दल बोलत होता. त्यानं बोलणं थांबवलं नाही आणि पायही काढला नाही. वडिलांचं डोकं तिथंच. त्या वर्षी पावसाळ्यानंतर कलेक्टर साहेबाचा मुक्काम पडला, तेव्हा तोच खोत साहेबाच्या तंबूत कमरेत मोडून उभा राहिलेला धाकूनं पाहिला.

"बापाशीची टकली खोताच्या पायार, खोताची टकली साहेबाच्या बुटार," काका म्हणाले. "माका वाटला, साहेबाक हाकललो की सगळ्यांच्या टकल्यो आपसूक वर येतीत. साहेब गेलो. टकली थंयच ऱ्हवली."

बाबांनी हातातला घास ताटलीत ठेवला. मग म्हणाले, "आमच्या गावाला आमचा आजा पाटलाच्या दारावरून जाताना चपला काढून हातात घ्यायचा. चिखल असो, काटे असोत. चपला पायात ठेवून त्या दारावरून जायची टाप नव्हती." बाबांनी हे आम्हाला आधी कधी सांगितलं नव्हतं. काकांनी उरलेला बोंबील मोडून अर्धा बाबांच्या पुढ्यात टाकला आणि दोघं जेवू लागले.

हा त्यांचा सगळा विचार. मोठे शब्द त्यांच्यापाशी नव्हते. वाचन खूप होतं, पण कुणाला ग्रंथांची नावं ऐकवायचे नाहीत. माणूस माणसापुढे वाकतो तेव्हा वाकणाऱ्याचं जातं आणि ज्याच्यापुढे वाकतात त्याचं त्याहून जास्त जातं, एवढंच त्यांना कळलं होतं, आणि त्यासाठी त्यांनी बेड्या घातल्या होत्या. आमच्या वॉचमनला ते स्वतःच्या खोलीतली खुर्ची नेऊन द्यायचे. वॉचमन भीतीनं बसायचा नाही. मग तेही उभे राहायचे. दोघं उभे आणि मधे रिकामी खुर्ची, हे दृश्य मी कित्येकदा पाहिलंय.

आता तो ऑगस्ट.

दिलीप तेव्हा पंचवीस-सव्वीसचा असेल. मंडळानं ठरवलं, आपल्या इमारतीत खराखुरा क्रांतिकारक आहे, त्याचा सत्कार करायचा. नगरसेवकांना बोलवायचं. नगरसेवक येणार म्हटल्यावर दिलीपच्या पायाला भिंगरी लागली. मैदानावर ताडपत्री बांधली, पताका लावल्या, लग्नाच्या मांडववाल्याकडून लाल मखमलीची सिंहासनवजा खुर्ची आणली. काका नको नको म्हणत होते. शेवटी बाबांनी समजूत घातली, पोरं एवढी धडपडतायत, जाऊन बसा घटकाभर. काका आले. इस्त्रीचा सदरा घालून, त्या मखमलीच्या खुर्चीत अवघडून बसले.

भाषणं झाली. नगरसेवकांनी काकांचं नाव दोनदा चुकवलं. मग दिलीपनं माईकवर जाहीर केलं, "आता माननीय साहेब आपल्या सर्वांच्या वतीनं काकांचे आशीर्वाद घेतील." फोटोग्राफर पुढे सरसावला. साहेब शाल सावरत खुर्चीकडे निघाले. मी बायकांच्या रांगेत पुढेच बसले होते. मला काकांचा चेहरा दिसला आणि मी मनात म्हटलं, वाट लागली.

काकांनी काही केलं नाही. त्यांनी फक्त दोन्ही पाय वर उचलले आणि खुर्चीत मांडी घातली. पाय धोतराखाली गडप. साहेब वाकले, हात पुढे गेला, आणि हाताला खुर्चीची मखमल लागली. ते तसेच अर्धे वाकून पाय शोधत राहिले. फोटोग्राफरनं नेमका तेव्हाच फ्लॅश मारला. बायकांत खसखस पिकली. काका अगदी प्रेमानं, बाजूला सरकून जागा करत, माईकमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वाकताय कित्याक? खुर्ची मोठी आसा. बसा बाजूक."

साहेब बसले नाहीत. शाल कार्यकर्त्याच्या अंगावर टाकून गाडीत जाऊन बसले. गाडी चिखल उडवत गेली आणि जिलब्यांची परात तशीच राहिली.

त्या रात्री दिलीप काकांच्या दारात येऊन ओरडत होता. "काय कमी केलं होतं आम्ही? सांगा ना! आमची इज्जत घालवलीत तुम्ही. एक पाय पुढे केला असता तर काय झिजला असता?"

काका आत अंथरूण घालत होते. "झिजलो असतो," म्हणाले.

पुढचे दिवस मला आठवतात ते वासांनी आणि आवाजांनी. म्हातारा माजला, हे वाक्य जिन्यात, नळावर, गिरणीत दळण टाकताना. जी माणसं सत्काराला टाळ्या वाजवायला आली होती तीच आता त्यांच्याशी बोलेनात. मंडळाच्या पोरांनी दहीहंडीचा सराव नेमका त्यांच्या खिडकीसमोर सुरू केला. एकमेकांच्या खांद्यांवर चढायचं आणि वर पोचलेल्यानं खिडकीकडे बघून अर्वाच्य काहीतरी ओरडायचं. त्यांचे दोरीवरचे कपडे चिखलात पडलेले सापडायचे. एकदा दाराशी कुणीतरी सडलेली मासळी आणून टाकली. काकांनी ती उचलली, दार धुतलं आणि म्हणाले, "नासवल्यानी. ताजी दिली असती तर खाल्ली असती." आईला रडू फुटलं. काकांना फुटलं नाही, पण त्या ऑगस्टपासून ते गॅलरीत जेवायचे बंद झाले. बाबा ताटली घेऊन त्यांच्या खोलीत जायचे आणि दार लावून दोघं जेवायचे. इंग्रजांनी ज्याला चार भिंतींत घातलं होतं त्याला आमच्या इमारतीनं पुन्हा घातलं. या एका गोष्टीची मला आजही चीड येते, आणि ती ओसरावी असं मला वाटतही नाही.

काही वर्षांनी एका थंडीत ते गेले. स्मशानात आम्ही मोजकीच माणसं होतो. तिरडी खाली ठेवल्यावर कुणीतरी रीत म्हणून पायांना हात लावायला पुढे झालं, तेव्हा बाबांनी त्याचा हात धरला. "आता त्यांना पाय उचलता येत नाहीत," बाबा म्हणाले. "आपण तरी राखू." दिलीप आला नव्हता.

म्हणून पादुका ऐकून माझा कप वाजला. मला वाटतं, आपल्याकडे एखाद्याचं ऐकायचं नसलं की त्याच्या पाया पडतात. उगाच नाही आपण इतके पुतळे उभारत. डोक्यात विचार असतो, डोकं आडवं बोलतं, श्रावणात बोंबील भाजतं. पाय बिचारे काही बोलत नाहीत. त्यांच्यावर हळदकुंकू वाहा, दूध ओता, फुलं ठेवा, फोटो काढा. विरोध करणाऱ्या माणसाला गप्प करायचे दोन मार्ग आमच्या इमारतीनं शोधले. जिवंत असताना वाळीत टाकायचं, मेल्यावर देव्हाऱ्यात. दुसरा जास्त वाईट, कारण त्यात कुणाला लाज वाटत नाही.

आणि मी त्यांना का राखतेय, हेही मी स्वतःला विचारलं. साठी उलटलेली बाई मी, गुडघे दुखतात, पेन्शनीत सुखानं बसावं. पण त्या एका माणसानं माझ्यावर ओरडून मला ताठ उभं केलं होतं. नोकरीत पुढे मी साहेबांसमोर उभी राहिले, युनियनमध्ये बोलले, सासरी पहिल्या दिवशी वाकायला नकार देऊन महाभारत घडवलं, ते सगळं त्या कर्टुली सांडलेल्या दारातून आलं. पादुका बसल्या की उद्याच्या पोरांना धाकूकाका म्हणजे वाकायची जागा एवढंच कळेल. त्यांच्यापाशी एकच गोष्ट होती, तीच पुसली जाणार होती.

चौदा ऑगस्टच्या दुपारी मी नाक्यावर गेले. पुतळ्यावर कापड होतं. समोर वीतभर उंचीचा छोटा ओटा आणि त्यावर पांढऱ्याशुभ्र पादुका. गुळगुळीत, अंगठ्यापाशी खुंटी, कडेला कमळाच्या पाकळ्या. काकांनी आयुष्यात टायरच्या चपला घातल्या. दिलीप गवंड्यावर खेकसत होता.

"दिलीप, पुतळा राहू दे. फेटाही राहू दे, मरू दे. या पादुका तेवढ्या काढ," मी म्हटलं. "तुला माहितीये त्यांना हे चाललं नसतं. तुझ्याइतकं कुणाला माहिती असणार?"

त्यानं आधी इकडेतिकडे बघितलं. मग गवंड्याला लांब पाठवून हसला. चाळीस वर्षं आत ठेवलेलं हसू होतं ते.

"माहितीये ना," तो म्हणाला. "त्या दिवशी साहेबांनी गाडीत बसताना मला काय म्हटलं ते तुला नाही माहिती. पुढची दहा वर्षं मला तिकिटाच्या रांगेत कुणी उभं केलं नाही, यार. एका म्हाताऱ्याच्या पायापायी! तेव्हा पाय दिले नाहीत ना त्यानं? आता घेतले आम्ही. उद्या सगळा मुलुंड पडेल त्या पायांवर. पहिला मी."

मला वाटलं होतं दिलीपला कळत नाही म्हणून तो हे करतोय. त्याला सगळं कळत होतं. "उद्या दोन शब्द बोलायला येते," एवढंच मी म्हणाले आणि घरी आले.

पंधराला सकाळी पाऊस थांबून थांबून पडत होता. झेंडा झाला, राष्ट्रगीत झालं. पुतळ्यावरचं कापड ओढलं आणि फेट्यातला तो अनोळखी माणूस सगळ्यांकडे डोळे वटारून बघू लागला. नाक्यावर चटया टाकल्या होत्या, त्या भिजल्या होत्या. चपला कडेला काढून लोकांनी रांग धरली होती. म्हातारी माणसं, शाळेच्या गणवेशातल्या मुली, हातात हार घेतलेले कार्यकर्ते. रांगेच्या तोंडाशी पांढऱ्या कपड्यांत दिलीप. माईक पादुकांच्या ओट्याच्या बाजूलाच होता. दर्शनाआधी दोन शब्द, असा कार्यक्रम होता.

माझं नाव पुकारलं. मी पावसाळी प्लास्टिकच्या सँडल घातल्या होत्या, पट्टे चिखलानं भरलेले.

"ताई, चपला काढा ना," चटईपाशी उभी असलेली एक मुलगी हळूच म्हणाली.

"आमच्यात खूप काढल्या गं," मी म्हटलं आणि पुढे गेले.

माईकपाशी थांबले नाही. पुतळ्याच्या दगडाला धरलं, दुखऱ्या गुडघ्याला एक शिवी दिली आणि ओट्यावर चढले. उजवा पाय उजव्या पादुकेवर, डावा डाव्या. प्लास्टिकच्या खाली संगमरवर कचकन वाजला. रांगेतून श्वास ओढल्याचा आवाज आला. मागे कुणीतरी "ए, ए, काय करताय!" म्हणून ओरडलं. माईक हात लांब करून मला घेता आला.

"धाकूकाका आयुष्यभर एकच गोष्ट सांगत होते," मी म्हणाले. माझी मालवणी धड नाही, पण तेवढं वाक्य मला येतं. "पाय उभे रवाक आसतत. कोणी पडाक नाय."

दिलीप तोवर पाठ फिरवून कॅमेरावाल्यांना जागा दाखवत होता; माझं बोलणं संपायच्या आतच तो रांगेतून पुढे आला. कॅमेरे त्याच्यावर होते. नजर खाली, हात पुढे, सवयीनं कमरेत वाकलेला. त्याच्या हातापुढे पादुका आल्या नाहीत, माझ्या चिखलाच्या सँडल आल्या. तो तसाच अर्धा वाकून थांबला. वर बघितलं. मी हलले नाही. मला त्याचा इतका राग आला होता की ओट्यावरून मला आता कुणी उचलूनच खाली घेतलं असतं.

"उतर उषा," तो दातांतून म्हणाला.

"तू उठ आधी," मी म्हटलं.

त्याच्या मागे सगळी रांग खोळंबली होती. कॅमेरे चालू होते. अर्ध्या वाकलेल्या माणसाला फार वेळ तसं राहता येत नाही, कमर भरून येते. एक हात गुडघ्यावर टेकून दिलीप हळूहळू सरळ झाला. इतकी वर्षं शेजारात काढली, पण तो नेहमी कुणापुढे तरी वाकलेलाच असायचा, म्हणून माझ्या लक्षात आलं नव्हतं. वीतभर उंच ओट्यावर मी उभी होते, तरी त्याचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर आले. चांगला उंच माणूस निघाला.